एक मॅगझिन जास्त

१

मंगळवारी सकाळचा चहा झाला. राजाभाऊ मान्यांनी लेकीची कापडी पिशवी उघडली, आतली मॅगझिनं जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडली आणि मोजायला घेतली.

"लाभ, दोन, तीन, चार..."

गणती इथंच संपायला हवी होती, पण टेबलावर अजून एक उरलं होतं.

राजाभाऊंनी चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं. एकाला 'लाभ' म्हणायची सवय त्यांच्या वडिलांची. ते बाजारात धान्य मापायचे. राजाभाऊंनी मात्र एकतीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात रायफली मोजल्या, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या गणतीत कधी चूक निघाली नाही. निवृत्त होऊन ते आयर्लंडात, एनिसला लेकीकडं आले, तेव्हा इथं मोजायला काही नव्हतं. पहिले आठ दिवस त्यांनी समोरच्या कुरणातल्या गाई मोजल्या. गाई रोज जागा बदलत, त्यामुळे समाधान होईना. शेवटी वीणानं आपली मॅगझिनंच त्यांच्या हवाली केली. "आप्पा, रोज ही मोजत जा. तेवढंच तुमचं मन रमेल."

वीणा एनिसच्या हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर. रविवारी ती क्लबात जाऊन लहान पिस्तुलानं नेमबाजी करायची. पिस्तूल भिंतीत ठोकलेल्या तिजोरीत असे, किल्ली फक्त तिच्याकडं, आणि गोळ्या क्लबात. घरात उघड्यावर असत ती एवढीच, रिकामी मॅगझिनं. मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवायची पातळ लोखंडी डबी, एकीत पाच गोळ्या बसतात. वीणाकडं अशी चार होती, एक पिस्तुलाचं आणि तीन स्पेअर.

आणि आज झाली होती पाच.

कमी भरलं असतं तर राजाभाऊ एवढे घाबरले नसते. हरवलेली वस्तू पलंगाखाली सापडते. पण जास्तीची वस्तू कुणाच्या तरी घरात कमी झालेली असते. त्यांनी पाचही मॅगझिनं रुमालात बांधली आणि जिन्याखाली उभं राहून हाक मारली, "वीणा, खाली ये. आधी ये, मग आवर."

२

वीणा ओल्या केसांनी खाली आली. टेबलावरचा रुमाल उघडून बघताच तिचा चेहरा उतरला.

"डोनलचं," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

डोनल म्हणजे तिचा क्लबातला गुरू. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, बायको गेलेली, आयुष्यभर बस चालवलेला माणूस. वीणाला पिस्तूल धरायला त्यानंच शिकवलं आणि स्वतःसारखंच पिस्तूल घ्यायला लावलं, त्यामुळे दोघांची मॅगझिनं सारखीच. परवा रविवारी क्लबातून निघताना डोनलचं एक मॅगझिन कमी भरलं. क्लबची पद्धत अशी, की आत येताना कुणी मोजत नाही, पण बाहेर पडताना सेक्रेटरी ब्रिजिड दारात उभी राहून प्रत्येकाच्या कार्डावरचा आकडा ताडून बघते. सगळ्यांनी गवत धुंडाळलं, वाळूचे ढिगारे उपसले. काही मिळालं नाही.

"आणि काल तिची मेल आली," वीणा म्हणाली. "उद्या संध्याकाळी सात वाजता कमिटी बसणार. तोवर सापडलं नाही तर गार्डांना, इथल्या पोलिसांना, कळवायचं. डोनल म्हणतो, चूक माझीच, वय झालं, मी परवाना परत करतो. आप्पा, रविवार सोडला तर त्या माणसाच्या आयुष्यात काही नाही हो."

"मग हे नेऊन दे आत्ताच्या आत्ता."

"देईन. पण काय सांगू? माझ्या कार्डावर चार लिहिलीत, आणि रविवारी मी ब्रिजिडच्या हातात चारच मोजून दिली. तिनं सही केली. मग हे पाचवं घरी आलं कसं? ती म्हणेल, लपवून आणलं, आणि म्हातारा जाताना बघितल्यावर घाबरून परत केलं. मीसुद्धा तेच म्हटलं असतं."

आपली पोर खोटं बोलत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण काहीतरी सांगत नाहीये, हेही कळत होतं. शस्त्रागाराच्या खिडकीशी त्यांनी इतके चेहरे बघितले होते, की एवढं ओळखायला चष्मा लागत नव्हता.

"रविवारी तिथं झालं काय, ते सगळं सांग."

"काही नाही. हॉस्पिटलातून निघायला उशीर झाला. पळत गेले. पिशवीत हात घातला, जे लागलं ते बाहेर काढलं आणि उभी राहिले. सामना झाला, बाकावरचं गोळा केलं, मोजलं, आले." बोलता बोलता तिनं उजवा हात टेबलाखाली घेतला. "आप्पा, मला ड्यूटीला उशीर होतोय."

ती गेली. कप अर्धा भरलेलाच राहिला.

३

मागच्या आठवड्यात याच टेबलावर एक वाद झाला होता, तो राजाभाऊंना आता राहून राहून आठवू लागला. वाद असा, की स्पेअर मॅगझिनं किती असावीत?

सुरुवात वीणानं केली होती. तीन स्पेअर पुरत नाहीत, आणखी दोन मागवते, म्हणजे एकूण सहा होतील. राजाभाऊ हसले होते. "आगं, लढाईला चाललीस का काय? दोन स्पेअर बक्कळ झाली. एक पिस्तुलात, एक हाताशी, एक बिघडलं तर. आन् मोजता येतं तेवढंच माणसानं ठेवावं." वर पुस्तीही जोडली होती, "तीन तर ठेवूच नये. तीन तिघाडा, काम बिघाडा."

जावई आशिष लॅपटॉपमधून मान वर काढून म्हणाला होता, "वीणा, आत्ता ऑर्डर देऊ नकोस. एक आठवडा थांब ना, प्लीज."

आठवडाच का, ते कुणी विचारलं नाही. वीणा मात्र हट्टाला पेटली. सहाच हवीत. एवढ्याशा गोष्टीवरून तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती उठून गेली. राजाभाऊंना वाटलं, लाडावलीय. आता वाटत होतं, आपण तिला हसलो ते चुकलं.

दुपारी ते डोनलकडं गेले. दोन गल्ल्या ओलांडून, दाराशी तीन कोंबड्या असलेलं घर. दोघांचंही इंग्रजी एकमेकांना निम्मंच कळायचं, पण उरलेलं निम्मं चहावर भागायचं. डोनलनं काळाकुट्ट चहा ओतला, ब्राउन ब्रेडला बोटभर लोणी फासलं आणि समोर बसला.

"माझी मुलगी वाईट वाटून घेते," राजाभाऊंनी सुरुवात केली.

"तिला सांगा, सगळं ग्रँड आहे, काही बिघडलं नाही. मॅगझिन माझ्या हातून पडलं. मी म्हातारा झालोय."

"कुठं पडलं?"

"ते आठवलं असतं तर म्हातारा कशाला म्हटलं असतं?"

राजाभाऊंनी ब्रेडचा तुकडा मोडला. चेहऱ्यावर साधेपणा आणून त्यांनी दुसराच प्रश्न टाकला. "डोनल, तुमच्याकडं स्पेअर किती?"

"दोन. वीस वर्षं दोनच. त्याहून जास्त कुणाला लागत नाहीत."

"वीणाला सहा मॅगझिनं करायची आहेत."

"हो, मीच सांगितलं तिला. सहा कर म्हणून."

"तुम्हाला दोन स्पेअर पुरतात आणि तिला पाच लागतात. असं का?"

डोनलचा कप ओठांपाशी थांबला. त्यानं खिडकीबाहेर कोंबड्यांकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "तुमची मुलगी फार चांगली आहे, राजा. हे एवढं सोडून द्या." आणि आणखी लोणी आणायला उठला. लोणी तर समोरच होतं.

४

घरी परतल्यावर राजाभाऊंनी रुमाल सोडला, खिडकीपाशी उजेडात बसले आणि एकेक मॅगझिन हातात घेऊन बघायला लागले. आधी मोजलं होतं, आता वाचायचं होतं.

मॅगझिनच्या कडेला एक बारीक बटण असतं. ते अंगठ्यानं खाली ओढून धरायचं, म्हणजे आतली स्प्रिंग दबते आणि गोळी घालता येते. पाचातल्या एकाचं बटण आरशासारखं चकाकत होतं. वर्षानुवर्षं अंगठा घासून लोखंडाला अशी झिलई येते. हे डोनलचं, यात शंका नाही.

उरलेली चार वीणाची. त्यांची बटणं काळीच होती, पण चारींवर बारीक चरे उठले होते, मांजरानं नख मारल्यासारखे. राजाभाऊंनी आपला अंगठा बटणावर ठेवून ओढून बघितलं. कातडीनं लोखंडाला चरा जात नाही. मग ही पोर बटण ओढते कशानं? त्यांनी खिशातली दाराची किल्ली काढली, तिचं टोक बटणाला अडकवून ओढलं. तसाच बारीक चरा उठला.

चौथ्या मॅगझिनच्या तोंडात आणखी एक गोष्ट अडकली होती, पांढऱ्या प्लॅस्टिकचा तिळाएवढा कण. तो त्यांनी कागदावर काढून ठेवला.

डोकं भणभणलं तेव्हा ते स्वयंपाकघरात गेले. पोह्यांचा डबा घ्यावा म्हणून प्रेस उघडलं. इथले लोक कपाटाला प्रेस म्हणतात, आणि तीन महिन्यांत राजाभाऊही म्हणायला लागले होते. साताऱ्याहून आणलेले स्टीलचे डबे आत ओळीनं मांडले होते, घट्ट झाकणांचे. त्यांनी डबा उचलला आणि झाकण आपोआप हातात आलं. नुसतं वर ठेवलेलं. दुसऱ्याचं तसंच. डाळीचं, रव्याचं, सगळ्यांचं तसंच.

राजाभाऊ तिथंच खुर्ची ओढून बसले.

हे त्यांनी पूर्वी बघितलं होतं. बघितलं होतं, पण त्याकडं लक्ष दिलं नव्हतं. सुमित्राच्या, त्यांच्या बायकोच्या स्वयंपाकघरातली झाकणंही अशीच नुसती ठेवलेली असायची. रव्यात किडे झाले म्हणून ते एकदा तिच्यावर ओरडले होते. चार वर्षांनी डॉक्टर म्हणाला, संधिवात आहे, हिचे हात फार आधीपासून दुखत असणार, तुमच्या लक्षात कसं आलं नाही? सरकारच्या बाराशे रायफली ज्याला तोंडपाठ होत्या, त्याला बायकोचे दोन हात दिसले नव्हते.

त्यांनी डोळे पुसले आणि एकेक झाकण दाबून बसवलं. मग पुन्हा सैल केलं. घट्ट बसवलं तर ती उघडणार कशी?

संध्याकाळी साडेपाचला आशिष शॅननच्या ऑफिसातून आला. राजाभाऊंनी त्याला कोट काढू दिला, पाणी दिलं आणि कागदावरचा पांढरा कण पुढं सरकवला.

"आशिषराव, हे तुमचंच ना?"

आशिषनं कण बघितला आणि हळूच 'हो' म्हटलं.

५

बुधवारी वीणा दुपारी घरी होती. चार वाजता राजाभाऊंनी तिला आणि आशिषला टेबलाशी बसवलं. पाच मॅगझिनं मधे मांडली.

"मी सांगतो, तुम्ही ऐका. चुकलं तर अडवा," ते म्हणाले. "ब्रिजिडबाईंनी रविवारी चार मोजली, ती चारच होती. वीणा खोटं बोलली न्हाई, बाई चुकली न्हाई. पण त्या चारांत एक डोनलचं होतं."

"मग माझं चौथं?" वीणा म्हणाली.

"ते क्लबात गेलंच न्हवतं. आत जाताना कुणी मोजत न्हाई आन् तू घाईत होतीस. तीन घिऊन गेलीस, तीन अधिक डोनलचं एक, चार घिऊन आलीस. आकडा जुळला म्हणून तुला वाटलं सगळी आपलीच. डोनलनंबी तुझी चार जुळलेली बघितली, म्हणून त्याला वाटलं आपलं बाहेरच कुठंतरी पडलं. जुळलेल्या आकड्यानं समद्यांना फसवलं. चौथं तुझं शनिवारी मी मोजल्यावर कुणीतरी पिशवीतनं काढलं, ते घरातच ऱ्हायलं होतं; रविवारी तू पहाटेच पिशवी घिऊन ड्यूटीला गेलीस, म्हणून मला मोजता आलं न्हाई. सोमवारी संध्याकाळी ते गुपचूप पिशवीत परत आलं, आन् मंगळवारी मी पाच मोजली. सोमवारी सकाळी मोजायला मी घरी न्हवतो, आशिषरावांनी मला मोहेरचे समुद्रकाठचे कडे दाखवायला नेलं होतं. जावईबापूंना सुट्टी काढून समुद्र दाखवावासा वाटला, तेव्हाच मला शंका यायला पायजे होती."

वीणा नवऱ्याकडं वळली. "तू घेतलं होतंस?"

आशिषनं खिशातून एक पांढरी प्लॅस्टिकची वस्तू काढून टेबलावर ठेवली. मुठीत मावेल एवढी, एका बाजूला खाच असलेली. "मापं घ्यायला, बसवून बघायला. ऑफिसातल्या थ्री-डी प्रिंटरवर बनवली. मॅगझिन खाचेत बसवायचं आणि तळहातानं दाबायचं, बटण आपोआप खाली जातं. अंगठा लागतच नाही. वाढदिवसाला देणार होतो. तू सांगत नव्हतीस, म्हणून मीही नाही सांगितलं."

"काय सांगत नव्हते मी?" वीणाचा आवाज चिरका झाला.

"तेच," राजाभाऊ हळूच म्हणाले, "ज्याच्यासाठी तुला सहा पायजे होती. सामन्याला तीस गोळ्या, पाचाचे सहा घास. सहा मॅगझिनं असली की समदी आधीच, कुणी बघत नसताना, किल्लीनं सावकाश भरून ठेवता येतात. सामना सुरू झाल्यावर अंगठा लावावाच लागत न्हाई. माणसाला कशाची भीती वाटती ते त्यानं कशाचा साठा केलाय त्यावरनं कळतं गं. रविवारी मधेच भरायची पाळी आली आन् तुझा अंगठा चालला न्हाई. शेजारी उभ्या डोनलनं आपलं भरलेलं मॅगझिन तुझ्याकडं सरकवलं. खरं?"

वीणानं होकारार्थी मान हलवली.

"आन् त्यानं ते कुणाला सांगितलं न्हाई. का दिलं, असं विचारतील म्हणून. तो परवाना सोडाया निघालाय, पण तुझा अंगठा सांगंना. माझ्यासमोर कोंबड्या मोजत बसला."

वीणा रडायला लागली. लहानपणी रडायची तशीच, आवाज न करता, हनुवटी थरथरवत. "आठ महिने झाले, आप्पा. हॉस्पिटलातलं काम अजून नीट होतंय. ज्या दिवशी होणार नाही त्या दिवशी मीच थांबेन, पेशंटशी खेळ नाही करणार मी. पण तपासून घेतलं की त्याला नाव मिळेल. आईला मिळालं होतं तेच मिळालं तर? आणि तुम्ही इथं बसून पुन्हा तेच सगळं बघायचं?"

आशिष उठून तिच्या खुर्चीमागं उभा राहिला.

"सात वाजता कमिटी आहे," राजाभाऊ म्हणाले. "मॅगझिन परत देऊन नुसतं 'सापडलं' म्हटलंस तरी डोनल सुटंल. बाकी काय सांगायचं, न्हाई सांगायचं, ते तुझं तू ठरव."

"नुसतं सापडलं म्हटलं तर ब्रिजिड विचारेल, सही कशी जुळली. मग डोनल पुन्हा माझ्यासाठी खोटं बोलेल." तिनं बाहीनं डोळे पुसले. "गाडी काढ, आशिष."

६

जूनमधली संध्याकाळ, सात वाजता उन्हं अंगणात होती. क्लबच्या पत्र्याच्या खोलीत चार जणांची कमिटी, एका बाजूला डोनल, गुडघ्यांवर टोपी घेऊन. परवान्याचा कागद त्यानं आधीच पाकिटात घालून आणला होता.

वीणानं मॅगझिन टेबलावर ठेवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. उशीर, तीन मॅगझिनं, जुळलेला आकडा. मग उजवा हात पुढं धरून म्हणाली, "आणि डोनलनं मला ते दिलं, कारण माझा अंगठा काम करत नाही. मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं."

डोनल खाली बघत पुटपुटला, "तू हे सांगायला नको होतंस, मुली."

ब्रिजिड ही शाळेतून निवृत्त झालेली बाई, सहजासहजी न हसणारी. तिनं मॅगझिन उचललं, चकाकणारं बटण बघितलं, ते डोनलपुढं ठेवलं आणि त्याच्या हातातलं पाकीट काढून घेऊन टराटरा फाडलं.

"पाकीट फाडलंय, आतला कागद चिकटवून घे," ती म्हणाली. "आणि पुढच्या रविवारपासून आत येतानाही मोजणार आहे मी." मग ती वीणाकडं वळली. "भरायला साधन चालतं, मदतनीसही चालतो. नियमांच्या दुसऱ्याच पानावर आहे. विचारायचं होतंस गं."

"विचारलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं," वीणा म्हणाली.

ब्रिजिडनं वीणाचं कार्ड ओढलं, पेन उघडलं. "तर आता स्पेअर किती लिहू? पाच करणार होतीस ना?"

वीणानं आशिषनं बनवलेल्या साधनाकडं बघितलं, डोनलकडं बघितलं. "दोन. जास्तीचं एक मी क्लबला देते."

बाहेर आल्यावर आशिष डोनलला सोडायला गेला. घर जवळ होतं, बापलेक चालत निघाले. कुरणाच्या भिंतीपाशी वीणा थांबली.

"आप्पा, उद्या अकराची वेळ मिळतेय. हाताच्या डॉक्टरची. नाव मागंच नोंदवून ठेवलं होतं, कालच मेल आली, उत्तर दिलं नव्हतं. तुम्ही याल माझ्याबरोबर?"

"मी? आगं, डॉक्टर तू. तिथलं मला काय कळणार?"

"कळायचं नाहीये काही. नुसते बाहेर बसा."

राजाभाऊंनी भिंतीवर हात टेकला. सुमित्रा दर महिन्याला एसटीनं कऱ्हाडला दाखवायला जायची, एकटी. ते एकदाही गेले नव्हते. दर वेळी म्हणायचे, गणती आहे, निघता येत नाही. तीही म्हणायची, असू दे, मी येते जाऊन.

"तुझ्या आईसंगं मी कधी गेलो न्हाई," ते म्हणाले.

"माहितेय मला."

"अकराला ना? मी दहालाच तयार बसतो."

वीणानं दुखरा हात त्यांच्या हातात दिला. राजाभाऊंनी तो जपून, अंगठ्याला धक्का न लावता धरला आणि दोघं घराकडं चालू लागली.